विळा आणि वेळा

विशेष शिक्षणाच्या अभ्यासाला सुरुवात केली तेव्हा 'अपवादात्मक बालक' या संज्ञेनेच मला पहिल्यांदा अडखळायला लावले. अपवादात्मक म्हणजे ज्याच्यात काही उणे आहे ते मूल, असा माझा सरळसोट समज होता. प्रत्यक्षात ही संज्ञा दोन्ही बाजूंना लागू पडते. शरीर, बुद्धी, भावना किंवा ज्ञानेंद्रिये यांपैकी कोणत्याही बाबतीत जे मूल सर्वसाधारण मुलांपेक्षा इतके वेगळे आहे की नेहमीच्या अध्यापनातून त्याचा पुरेसा विकास होत नाही, ते अपवादात्मक. त्यामुळे कर्णबधिर, बौद्धिक अक्षमता असलेल्या किंवा अध्ययन अक्षम मुलांच्या शेजारीच अतिशय प्रज्ञावान मूलही येऊन बसते. एकच मूल दोन कारणांनी अपवादात्मक असू शकते, हे मात्र मला पुस्तकाने नव्हे, माझ्या एका विद्यार्थ्याने दाखवून दिले. तोंडी गणितात मला मागे टाकणारा हा मुलगा जन्मतः अंध होता.

सगळीच दृष्टिबाधित मुले पूर्ण अंध नसतात. चष्मा लावूनही दोहोंपैकी बऱ्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी, पण ३/६० पर्यंत असेल तर ती अल्पदृष्टी मानली जाते. ३/६० याचा अर्थ असा की निकोप डोळ्याला जे साठ मीटरवरून दिसते ते पाहण्यासाठी या मुलाला तीन मीटरपर्यंत जवळ यावे लागते. पण आकडा वर्गात फारसा कामाला येत नाही. सारख्याच दृष्टीची दोन मुले घेतली तर एकाला खिडकीजवळचा प्रकाश हवा असतो आणि दुसऱ्याला तोच प्रकाश सोसत नाही. म्हणून उरलेल्या दृष्टीचा वापर मूल कसा करते हे शिक्षकाने आधी नीट पाहायचे, मग ठळक अक्षरे, गडद रेघांची वही, उतरते मेज, भिंग यांपैकी काय द्यायचे ते ठरवायचे. थोडे दिसणाऱ्या मुलाला 'अंध' म्हणून मोकळे होणे ही या क्षेत्रातली मला सर्वांत जास्त खटकणारी चूक आहे.

बोटांनी वाचायच्या ब्रेल लिपीचा इतिहास मला नेहमी एका बारकाव्यासाठी आठवतो. लुई ब्रेल (जन्म १८०९) पॅरिसच्या अंधशाळेत आला तेव्हा तेथे डोळसांचीच अक्षरे उठावदार छापून मुलांना बोटांनी वाचायला देत असत. म्हणजे लिपी डोळ्यांची आणि वाचायचे मात्र बोटांनी. शार्ल बार्बिए या लष्करी माणसाने ठिपक्यांची पद्धत शोधली होती, पण तिच्या एका घरात, म्हणजे ठिपक्यांच्या एका गटात, बारा ठिपके होते आणि ते बोटाच्या एका टोकाखाली मावत नसत. ब्रेलने ते सहावर आणले (डावीकडे वरून खाली १, २, ३ आणि उजवीकडे ४, ५, ६) आणि १८२९ मध्ये आपली पद्धत प्रसिद्ध केली. सहा ठिपक्यांतून ६३ आकृत्या तयार होतात. आपल्या भाषांसाठीची भारती ब्रेल याच आकृत्यांवर उभी आहे आणि ती उच्चाराच्या क्रमाने चालते: देवनागरीत 'कि' लिहिताना आपण वेलांटी 'क'च्या आधी काढतो, ब्रेलमध्ये आधी 'क' आणि मग 'इ'.

ब्रेलच्या पाटीवर, म्हणजे कागद अडकवून टोच्याने ठिपके उठवायच्या चौकटीवर, लिहिताना मात्र सगळे उलटे होते. कागदाच्या मागून टोचायचे आणि पुढून वाचायचे, म्हणून मूल उजवीकडून डावीकडे लिहिते आणि प्रत्येक घरही आरशातल्यासारखे टोचते. त्यात 'इ' (ठिपके २ आणि ४) आणि 'ए' (ठिपके १ आणि ५) ही तर एकमेकांची प्रतिबिंबेच आहेत.

एकदा मी तोंडी गणितातल्या माझ्या त्या अंध विद्यार्थ्याला शब्द सांगत होते. कागद उलटून बोट फिरवले तर 'विळा'च्या जागी 'वेळा' उमटले होते. मी लगेच प्रतिबिंबाची चूक म्हणून ती समजावली आणि 'इ'चा एक पानभर सराव दिला. त्याने निमूटपणे पान पुरे केले आणि मग विचारले, "बाई, विळा असं काही असतं का? मला वाटलं तुम्ही वेळाच म्हणालात."

डोळस मुलाला विळा कोणी शिकवत नाही. येताजाता कोणाच्या तरी हातात, भिंतीला अडकवलेला, चित्रात असा तो दिसत राहतो आणि शब्द येण्याआधीच वस्तू ओळखीची झालेली असते. अंधांच्या शिक्षणाचे अभ्यासक बर्थोल्ड लोवेनफेल्ड यांनी अंधत्वामुळे येणाऱ्या मर्यादा तीन गोष्टींत सांगितल्या: अनुभवांचा आवाका आणि विविधता, हिंडण्याफिरण्याची क्षमता, आणि भोवतालावरचा ताबा. परीक्षेसाठी मी त्या घोकल्या होत्या. पहिलीचा अर्थ त्या दिवशी कळला. डोळा फुकटात जे गोळा करतो ते इथे ठरवून, वेळ काढून हातात द्यावे लागते, आणि धारदार वस्तू तर या मुलांपासून सगळे आधीच दूर ठेवतात.

दुसऱ्या दिवशी मी विळा घेऊन गेले. माझा हात खाली, त्याचा माझ्या हातावर, म्हणजे नको वाटले तर त्याला केव्हाही हात काढून घेता येतो. आधी लाकडी मूठ, मग पात्याची बोथट पाठ, तिचा बाक, टोक. धार मी बोटाने दाखवली नाही. वाळक्या गवताची पेंढी दिली आणि मूठ धरून त्याला ती ओढू दिली. गवत करकरत तुटले. दोन-तीनदा कापल्यावर तो थांबला. "धार आतल्या बाजूला का ठेवलीय?" मी कधी विचारच केला नव्हता. उत्तर त्यानेच शोधले: "बाहेरून असती तर गवत निसटलं असतं. आत ते गोळा होतं."

मग त्याने पाटी ओढली आणि मोठ्याने "वि-ळा" म्हणत शब्द टोचला. मी कागद उलटून वाचला. या खेपेला मात्र दुसरे घर खरोखरच आरशातले पडले होते: वेळा.