गाडी नुसती ओरडते म्हणे!

"वहिनी, तुमची गाडी नुसती ओरडते, पळत नाही." धाकट्या दिरांचं हे वाक्य मला पाठ झालंय. त्यांचा जन्म गिअर टाकण्यात गेला, माझी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्याच नसलेली ऑटोमॅटिक. तेव्हा आज थोडी वकिली.

पुण्यातल्या माझ्या वयाच्या बायकांना सीव्हीटी काही नवी नाही. फिरोदियांची कायनेटिक होंडा १९८४ साली आली, तिच्यात हेच होतं. पुढे अ‍ॅक्टिव्हातही हेच. गॅरेजमध्ये स्कूटरचं डावीकडचं कव्हर उघडलं की सगळं समोर दिसतं. पुढे एक पुली, मागे एक पुली आणि मधे काळा रबरी बेल्ट. प्रत्येक पुली म्हणजे उतरत्या कडांच्या दोन तबकड्या, समोरासमोर. इंजिन जोरात फिरलं की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात आणि एका तबकडीला दुसरीच्या जवळ ढकलतात. फट अरुंद झाली की बेल्ट कडेकडे वर चढतो. बेल्ट काही लांबत नाही, म्हणून मागच्या पुलीत तो तेवढाच आत उतरतो. झाला गिअर बदलून, मधली पायरीच नाही. स्कूटर पिकअप घेईना झाली तेव्हा आमच्या मेकॅनिकने एक रोलर माझ्या तळहातावर ठेवला होता. गोल असायला हवा, तो एका बाजूने घासून चपटा झालेला!

गाडीत तत्त्व हेच, पण रोलरऐवजी तेलाचा दाब तबकड्या सरकवतो आणि किती सरकवायच्या ते कॉम्प्युटर ठरवतो. हॉलंडच्या हुब फान डोर्न यांनी १९५८ साली डाफ ६०० ही छोटी गाडी दाखवली, तिच्यात रबरी बेल्टच होते. (ती गाडी पुढे जितकी पळायची तितकीच जोरात मागेही पळायची. रिव्हर्समध्ये फक्त दिशा बदलायची, पुल्या त्याच ना!) पण मोठ्या इंजिनाचा जोर रबराला पेलेना. मग त्यांच्याच मंडळींनी पोलादी बेल्ट काढला. कागदासारख्या पातळ पोलादी कड्यांच्या थरांवर चारशेच्या आसपास छोट्या पट्ट्या ओवलेल्या. मजा अशी, की हा बेल्ट ओढत नाही, ढकलतो. कर्जतला रेल्वेगाडीच्या मागे ढकलणारी बँकर इंजिनं लावून ती बोरघाटात चढवतात ना, तसं एक पट्टी पुढचीला रेटते. दाते कुठेच नाहीत. सगळा भार पोलादाच्या पोलादावरच्या घर्षणावर, तेही तेलात बुडून.

आता ओरडण्याचं. गिअरच्या गाडीत आवाज आणि वेग जोडीने वाढतात, वरचा गिअर पडला की आवाज खाली येतो. कानाला तीच सवय. सीव्हीटीत पाय दाबला की कॉम्प्युटर इंजिनाला थेट जास्त ताकदीच्या आरपीएमवर (मिनिटाच्या फेऱ्यांवर) नेऊन ठेवतो आणि तिथेच धरतो. बदलतात त्या पुल्या. आवाज एकसुरी, वेग मात्र मागून चढत राहतो. तक्रार कानाची आहे, गाडीची नाही. (बरं, लहान इंजिन घाटात पूर्ण भरलेल्या गाडीला ओढताना खरंच रडतं. ते मान्य.) अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबा, गाडी लोण्यासारखी निघते. चांदणी चौकातल्या संध्याकाळच्या रांगेत एएमटी (साधाच गिअरबॉक्स, पण क्लच-गिअर यंत्र बदलतं) गिअर बदलताना मान डोलवायला लावते, ही नाही.

मायलेजचं फार कौतुक ऐकते, त्यावर माझा पूर्ण विश्वास नाही. इंजिन सोयीच्या आरपीएमवर राहतं हे खरं, पण बेल्ट घट्ट दाबून धरणारा तेलाचा पंपही इंजिनाच्याच जिवावर चालतो. दर सिग्नलला पाय आपटणाऱ्याला कुठलाच गिअरबॉक्स वाचवणार नाही.

ताम्हिणी उतरताना मी नेहमीचा डी सोडून एल (लो) टाकते. पुल्या गाडीला खालच्या गिअरसारखं धरतात, आवाज वाढतो, ब्रेक फार तापत नाहीत. न्यूट्रलवर घाट उतरून पेट्रोल वाचवू पाहणारे महाभाग अजून भेटतात, त्यांच्या नादी लागू नये.

सेकंडहँड सीव्हीटी घेणार असाल तर आधी सर्व्हिसची फाइल मागा आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं ते बघा. यात सीव्हीटीचंच तेल लागतं, साध्या ऑटोमॅटिकचं चालत नाही, बेल्ट घसरतो. मग गाडी थंड असताना चालवून बघा. हळू निघताना हिसका बसला किंवा बारीक कुंईऽ असा आवाज आला, तर रंग कितीही चकचकीत असो, चावी परत द्या.