दोह्यात दहा, रावेरला साडेबारा

दोह्यात सकाळचे दहा वाजले की आमच्या साईटवरचं काम थांबतं. १ जून ते १५ सप्टेंबर, दहा ते साडेतीन उघड्यावर काम करायचं नाही, हा कतारचा नियम. त्याच वेळी रावेरकडे साडेबारा झालेले असतात. मी घरी फोन लावतो आणि आई सांगते, "आबा बागेत गेलेत. केळीची गाडी लागलीय."

साईटवर तिपाईवर एक यंत्र असतं: काळा गोळा, शेजारी ओली वात. हवेची उष्णता, ऊन, दमटपणा आणि वारा एकत्र धरून ते अंशांत एक आकडा दाखवतं; हा नुसत्या तापमानाचा आकडा नव्हे. तो ३२.१ च्या वर गेला की घड्याळात कितीही वाजलेले असोत, काम बंद.

मी जुलैत आलो. जळगावचं ४५ सोसलेल्याला इथलं ४० काय करणार, असं वाटायचं. तिसऱ्याच दिवशी डोळ्यांपुढे अंधारी आली. इथली हवा समुद्राची, दमट. घाम हनुवटीवरून टपटप गळतो, पण वाळत नाही. आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही.

आपल्याकडे उलट आहे, आणि मला भीती त्याचीच वाटते. कोरड्या हवेत घाम दिसायच्या आत उडून जातो. आबा म्हणतात, "मला कुठं घाम येतो?" पण संध्याकाळी त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा असतात. तेवढं पाणी आणि मीठ अंगातून गेलेलं असतं. म्हणून तहानेची वाट बघू नका. दर वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्या, मधून मीठ घातलेलं ताक किंवा पन्हं. कापणीला नवीन पोरगा आला असेल तर पहिले काही दिवस त्याला अर्धंच काम द्या. अंगाला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात.

चक्कर आली, पायात गोळे आले, तर लगेच सावलीत न्या आणि साखर-मिठाचं पाणी द्या. पण माणूस बरळायला लागला किंवा त्याची चाल अडखळली, तर कांदा हुंगवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि मानेला बर्फ लावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नका.

मी आबांना रोज सांगत राहिलो. शेवटी त्यांनी व्यापाऱ्याला सांगितलं, गाडी पहाटे पाचला लावा, साडेदहाच्या पुढे कापणी नाही. काल मी दहाला फोन केला तर आबांनीच उचलला. मागे कुणीतरी माठातून पाणी काढत होतं.