प्रमोटर काढला, तरी फायरफ्लाय चमकतच राहिली

आलेखातला तो एक उंच खांब बघून आमची अख्खी लॅब खूश होती. माझ्या विद्यार्थिनीने एका नव्या विषाणूच्या आरएनएचा सुरुवातीचा, प्रोटीन न बनवणारा भाग दोन ल्युसिफरेजच्या, म्हणजे उजेड देणाऱ्या प्रोटीनांच्या, जनुकांमधे बसवला होता. आधी रिनिला, नंतर फायरफ्लाय. प्रोटीन बनवणारा रायबोसोम नेहमीप्रमाणे कॅपकडून, म्हणजे आरएनएच्या सुरुवातीच्या टोपीकडून, आला तर रिनिला बनवून सुटतो. फायरफ्लाय बनायची तर त्याला मधल्या तुकड्यावरच उतरावं लागतं. असा तुकडा म्हणजे आयरेस. पोलिओच्या आरएनएला कॅप नसतेच. शिवाय त्याचं २ए प्रोटीएज (प्रोटीन कापणारं एन्झाइम) पेशीचा ईआयएफ४जी, म्हणजे रायबोसोमला कॅपपाशी आणणारं प्रोटीन, कापतं, म्हणजे पेशीची कॅपवाली वाट बंद आणि विषाणूची चालू. पेलेटिए आणि सोनेनबर्ग यांनी १९८८ मध्ये पोलिओचा आयरेस अशाच दुहेरी रचनेने दाखवला होता.

तिचा खांब म्हणजे फायरफ्लाय भागिले रिनिला. या भागाकारावर माझा मुळीच विश्वास नाही. तो मूळ रीडिंग झाकून टाकतो, तरीही पेपरांमध्ये सर्रास तेवढाच छापला जातो आणि परीक्षक तो चालवून घेतात. मी कच्चे आकडे मागितले. "कंट्रोल नंतर बघू, आधी पेपर पाठवून देऊ," असं एक सहकारी म्हणाले. ही घाई मला कधीच पटलेली नाही.

मग प्लास्मिडमधला (ही रचना पेशीत नेणाऱ्या गोल डीएनएमधला) प्रमोटर, म्हणजे जिथून आरएनए बनायला सुरुवात होते तो भाग, काढून टाकला. रिनिला जवळजवळ शून्यावर आली, फायरफ्लाय होती तिथेच. दुसरीकडे रिनिलाविरुद्ध एसआय-आरएनए, म्हणजे नेमका तो आरएनए नष्ट करवणारा छोटा आरएनए, दिला. आरएनए खरंच एकसंध असेल तर दोन्ही उजेड एकत्र उतरायला हवेत. ईएमसीव्ही या विषाणूच्या, आयरेस पक्का ठाऊक असलेल्या कंट्रोलमध्ये उतरलेही. विद्यार्थिनीच्या रचनेत फक्त रिनिला उतरली. म्हणजे फायरफ्लायचा वेगळाच, आखूड आरएनए तयार होत होता. आपला तुकडा डीएनएच्या रूपात प्रमोटरसारखा वागत होता.

मला अजून छळतं ते हेच. हा विषाणू पेशीद्रवात वाढणारा. त्याचा आरएनए केंद्रकात जात नाही, डीएनए होत नाही. त्याला प्लास्मिडमध्ये घालून केंद्रकात पाठवलं ते आम्ही, आणि तिथे त्याने जे केलं ते विषाणूच्या आयुष्यात घडतच नाही.

"मॅडम, म्हणजे यात आयरेस नाहीच?" तिने विचारलं. तसंही म्हणता येत नव्हतं. प्रमोटर सापडला म्हणून आयरेस नाही असं ठरत नाही. म्हणून आरएनए बाहेरच बनवला, त्याला ए-कॅप लावली. नेहमीची कॅप पकडणारं ईआयएफ४ई हे प्रोटीन ही कॅप धरत नाही. तो आरएनए सरळ पेशींमध्ये सोडला. उजेड आला, पार्श्वभूमीपेक्षा थोडा जास्त, ईएमसीव्हीच्या पुष्कळ खाली. पण आला, आणि दर वेळी आला.

आता सशाच्या रेटिक्युलोसाइट लायसेटमध्ये (कोवळ्या रक्तपेशी फोडून काढलेल्या द्रवात) टोप्रिंट लावतोय, म्हणजे रायबोसोम आरएनएवर नेमका कुठे बसला ते पाहतोय. रायबोसोम एयूजीवर, म्हणजे प्रोटीन जिथून सुरू होतं त्या तीन अक्षरांवर, खरंच बसला असेल तर आरएनएवरून डीएनए बनवणारं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज त्या 'ए'पासून १५ ते १७ बेस पुढे अडेल. पट्टी तिथे दिसली तरच मी तिला आयरेस हा शब्द लिहू देईन.