दापोली ते मालवण: हार्डडिस्क सोबत नेणार असाल तर

लिनक्सवरून एनटीएफएसवर (विंडोजच्या डिस्कची फाइल सिस्टिम, म्हणजे फाइली मांडून ठेवायची पद्धत) बिनधास्त लिही, असं निघण्याआधी मला तिघांनी छातीठोक सांगितलं होतं. तिघांनीही फास्ट स्टार्टअपचं (विंडोजची झटपट सुरू होण्याची सोय) नाव काढलं नाही.

बाईकवर दोघं, सहा दिवस. दाभोळ-धोपावे फेरीबोट, सोलकढी, सगळं ठीक. गोची झाली गुहागरात. मित्राने रात्री विंडोज नेहमीसारखं बंद केलं, तेव्हा माझी डिस्क त्यालाच लावलेली होती. ती उपसून मी माझ्या लिनक्सला लावली. माउंट होईना, म्हणजे उघडेना: फाइल सिस्टिम अनक्लीन (नीट बंद न झालेली), मेटाडेटा (फाइलींच्या नोंदी) विंडोजच्या कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात). दिवसभर ऊन खाल्लेल्या डोक्याला तो नकार आगाऊपणा वाटला. एनटीएफएसफिक्स ही लिनक्समधली आज्ञा मारली, जर्नल (बदलांची नोंदवही) रिकामं झालं, डिस्क माउंट झाली. दोन दिवसांचं शूटिंग तिच्यात ओतलं आणि (हा माझा खास शहाणपणा) कार्ड पुसलं. सकाळी डिस्क परत मित्राच्या लॅपटॉपला लावली, मग त्याने बटण दाबलं.

तो लॅपटॉप बंद नव्हताच. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउन म्हटलं तरी कर्नेल (सिस्टिमचा गाभा) हायबरनेट होतो आणि जोडलेल्या डिस्कचा हिशेब डोक्यात धरून झोपतो. उठल्यावर त्याने रात्रीचा जुना हिशेब माझ्या नव्यावर गिरवला. फोल्डर गायब.

रत्नागिरीत एका दुकानदाराने 'रिकव्हरी'चे साडेचार हजार सांगितले. केलं काय, तर चेकडिस्क /एफ, विंडोजचीच डिस्क तपासून दुरुस्त करणारी आज्ञा! बारा मिनिटं. घासाघीस करून पंधराशे दिले, तेही फुकट गेले असं समजतो, कारण ही आज्ञा मित्राच्या लॅपटॉपवर फुकटच होती. फाउंड.००० या लपलेल्या फोल्डरात बरंच सापडलं. हर्णैच्या मासळी लिलावाचं चित्रण मात्र गेलं ते गेलंच.

दोष ड्रायव्हरला देत नाही. एनटीएफएस-३जीने (लिनक्सवर एनटीएफएस उघडणारा ड्रायव्हर) मला अडवलंच होतं. लिनक्सच्या ५.१५ कर्नेलपासून (२०२१) आत आलेला एनटीएफएस३ हा दुसरा ड्रायव्हरही डर्टी (नीट बंद न झालेल्या) डिस्कला 'फोर्स', म्हणजे जबरदस्तीचा पर्याय, मागतो. देऊ नका. एनटीएफएसफिक्स ही पूर्ण दुरुस्ती नव्हे, थोड्या मूलभूत चुका नीट करून जर्नल रिकामं करते. खरी तपासणी विंडोजमध्येच होते.

सोबत्याचं विंडोज असेल तर निघण्याआधी त्याच्याकडून पॉवरसीएफजी /एच ऑफ (हायबरनेट आणि त्यासोबत फास्ट स्टार्टअप बंद करणारी आज्ञा) करून घ्या. कुरकुरला तर शिफ्ट दाबून शट डाउन करायला लावा, आणि डिस्क त्याआधी रीतसर इजेक्ट. नुसती ने-आण करायची असेल तर एक्सफॅट ही दुसरी फाइल सिस्टिम बरी, ५.७ कर्नेलपासून ते लिनक्सवर नीट चालतं. पण त्याला जर्नल नसतं. तवसाळच्या धक्क्यावर बोट सुटायच्या घाईत पट्टी शंभर टक्के दिसली म्हणून मी वायर ओढणार होतो. सिंक (बाकी राहिलेलं डिस्कवर उतरवणारी आज्ञा) मारलं तर आणखी दोन मिनिटं लिहीत होतं.

घरी पोचेपर्यंत कार्ड पुसू नका. जास्तीची दोन कार्डं त्या दुकानदारापेक्षा स्वस्त पडतात.

रत्नागिरीनंतर मालवणपर्यंत छान झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.