उणे ३६

त्या शनिवारी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर एक स्क्रीनशॉट येऊन पडला. नकाशावर डोंबिवली आणि अंबरनाथच्या मधोमध एक हेलिकॉप्टर आणि त्याच्या मागे झिंगलेल्या माणसाच्या चालीसारखी रेघ. खाली प्रश्न, "हे आपल्या डोक्यावर घिरट्या का घालतंय?" चहा होईपर्यंत उत्तरंही जमली. कुणी म्हणालं मंत्री येतोय, कुणी म्हणालं सर्व्हे चाललाय, एकाने तर थेट पुनर्विकासाशी नातं जोडलं. मी गप्प बसलो. ते हेलिकॉप्टर मी गच्चीवरून पाहिलं होतं. मुंबईकडून आलं आणि नाकासमोर नाशिकच्या दिशेने निघून गेलं. नकाशावरची रेघ वाकडी काढण्यात आमचाच हात होता.

आमचा म्हणजे गच्चीवर अँटेना लावून बसणाऱ्यांचा. मी पेशाने हिशेबनीस. डोंबिवलीच्या घरी रास्पबेरी पाय नावाचा एक छोटा संगणक, टीव्ही बघण्यासाठी बनलेला एक स्वस्त डोंगल आणि तांब्याच्या तारा ६.९ सेंटीमीटरवर कापून बनवलेला अँटेना, एवढाच संसार. विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपला ओळख-क्रमांक, उंची आणि बहुतेक वेळा जीपीएसवरून घेतलेली जागाही सतत सांगत असतात. ते ऐकायचं आणि सामायिक सर्व्हरला पाठवायचं. असे हजारो हौशी लोक जगभर आहेत, आणि विमानांचे जे नकाशे आपण फोनवर पाहतो, ते बऱ्याच अंशी अशा गच्च्यांवरून आलेले असतात.

पण काही जुनी विमानं, काही लष्करी, काही हेलिकॉप्टरं आपली जागा सांगतच नाहीत. नुसता ओळख-क्रमांक आणि उंची. त्यांची जागा आम्ही काढतो. एकच संदेश चार ठिकाणी किती फरकाने पोचला ते मोजायचं आणि त्यावरून तो कुठून निघाला असेल ते ठरवायचं. आमच्यात याला एमलॅट म्हणतात. एका मायक्रोसेकंदात रेडिओलहर ३०० मीटर जाते. म्हणजे घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं की विमान शेजारच्या वॉर्डात जातं. (एमलॅटचा आणखी एक उपयोग म्हणजे विमानाच्या शब्दावर विसंबावं लागत नाही. २०२५च्या नोव्हेंबरात दिल्लीजवळ विमानांना खोटे जीपीएस संकेत मिळाल्याचं नंतर सरकारनेच संसदेत मान्य केलं. असं विमान आपली चुकीची जागा अगदी प्रामाणिकपणे सांगत राहतं.)

आता आमच्या पट्ट्यातली अडचण. ठाणे, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर. आमचे रिसिव्हर मध्य रेल्वेच्या रुळावर ओवल्यासारखे एका ओळीत. एमलॅटला ओळ चालत नाही, विस्तार लागतो. पनवेलचे एक निवृत्त गृहस्थ आहेत म्हणून आमची अब्रू टिकून आहे. त्यातून खालून उडणारं हेलिकॉप्टर मलंगगडाच्या आड गेलं की ऐकणारे चारच उरतात, आणि त्या चारांत एक जरी खोटं बोलला तरी रेघ झिंगते.

कोण खोटं बोलतंय हे शोधायचं काम या भागापुरतं माझ्याकडे आहे. सर्व्हर प्रत्येक दोन रिसिव्हरांची जोडी लावून, आपली जागा स्वतः सांगणाऱ्या विमानांवरून दोघांच्या घड्याळांचा ताळा घेतो आणि किती मायक्रोसेकंदांची तफावत राहिली ते तक्त्यात मांडतो. हिशेबनिसाला हे नवं नाही. दोन वह्या जुळत नसतील तर कुठली चुकली ते सांगता येत नाही. तिसरी वही लागते. अंबरनाथचा नवा रिसिव्हर ठाण्याशी, कल्याणशी, पनवेलशी आणि माझ्याशीही जुळत नव्हता. गंमत म्हणजे कधीकधी जुळायचा. त्यामुळे सर्व्हर त्याला पुरता बाहेरही काढत नव्हता.

हे मला आधी उमगलं नाही. मग रात्री कागदावर आकृती काढली. रिसिव्हरची लिहिलेली जागा चुकलेली असली आणि आकाशातली सगळी विमानं एकाच दिशेला असली, तर ती चूक घड्याळाच्या खाती जमा होते. घड्याळ थोडं मागेपुढे सरकवलं की ताळा बसतो. दुसऱ्या बाजूने विमान आलं की सगळं बिनसतं. म्हणजे घड्याळ ठीक होतं आणि पत्ता चुकला होता.

रिसिव्हर एका डिप्लोमाच्या मुलाचा. मी त्याला दोनदा लिहिलं होतं आणि दोन्हीदा उत्तर आलं, "काका, बरोबरच आहे." माझ्या संदेशांचा सूर वसुली अधिकाऱ्यासारखा होता, हे आता वाचताना जाणवतं. शेवटी रविवारी बदलापूर लोकल पकडली.

त्याने सेटिंग उघडून दाखवली. अक्षांश १९.२१, रेखांश ७३.१९. पुढे काही नाही.

"पुढचे आकडे कुठे गेले रे?"

मुलगा वडिलांकडे बघायला लागला. वडील कारखान्यात फोरमन. म्हणाले, "मीच कापायला लावले. ओटीपी सांगून माझ्या मेहुण्याचे चाळीस हजार गेले. आता घराचा पत्ता पण इंटरनेटवर टाकायचा का?"

पुढचे आकडे कापून दोनच दशांश ठेवले की जागा एक-दीड किलोमीटरपर्यंत सरकू शकते. त्यांचा अँटेना कागदोपत्री नाल्यापलीकडच्या मैदानात उभा होता, घरापासून जवळपास ६०० मीटरवर. ६०० मीटर म्हणजे दोन मायक्रोसेकंद. हेलिकॉप्टर झिंगायला तेवढं पुरतं.

त्यांची भीती खोटी आहे असं मला म्हणवेना. मी सांगितलं की जागा नकाशावर न दाखवण्याची सोय आहे, ती चालू करू. पण सर्व्हर चालवणाऱ्याला खरी जागा कळणारच, ते टळत नाही. ते मान्य नसेल तर एमलॅट बंद ठेवा आणि नुसते संदेश पाठवा, त्याचाही उपयोग होतो. मधल्यामध्ये मात्र नको. त्यांनी पोह्यांची बशी संपेपर्यंत विचार केला. मग म्हणाले, "बिल्डिंगमध्ये चोवीस घरं आहेत. गच्चीवरची टाकी कुणाची ते कुणाला कळतंय? टाका खरं."

आम्ही तिघं गच्चीवर गेलो. टाकीच्या पाइपाला बांधलेल्या अँटेनाशेजारी फोन ठेवला आणि दहा मिनिटं थांबलो. अक्षांश-रेखांशाचे पाच दशांश लिहून घेतले; पाचव्या अंकाची किंमत जेमतेम एक मीटर. मग उंची. फोन म्हणाला उणे १४.

वडील हसले. "समुद्राखाली राहतो की काय आम्ही?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात मुलगाच बोलायला लागला. जीपीएस समुद्रापासून उंची मोजतच नाही, पृथ्वीच्या एका गुळगुळीत कल्पित आकारापासून मोजतं. आणि आपल्याकडचं समुद्राचं पाणी त्या आकाराच्या खाली बसलंय. श्रीलंकेच्या दक्षिणेला तर १०६ मीटर खाली, जगात सगळ्यात खोल. मुंबईच्या आसपास साठ-पासष्ट. एमलॅटला ही जीपीएसवाली उंचीच लागते, उणेसकट. हे सगळं त्याने वाचून ठेवलं होतं. उंचीचा आकडा त्याने पहिल्यापासून बरोबर टाकला होता.

आणि मग अगदी साधेपणाने विचारलं, "काका, तुमची किती टाकलीये?"

मला आठवेना. म्हणजे आठवत होतं. तीन वर्षांपूर्वी माझ्या गच्चीवर फोनने उणे ३६ दाखवलं होतं. फोन बिघडला असं समजून मी उण्याचं चिन्ह खोडलं आणि ३६ टाकलं. ७२ मीटरची चूक. लांबच्या विमानांना ती बाधत नाही, पण डोक्यावरून जाणाऱ्याला जवळपास पाव मायक्रोसेकंदाचा फटका. तक्त्यात माझ्या ओळीत सगळ्यांशी थोडीथोडी तफावत असायची. ती मी आजवर स्वस्त डोंगलच्या माथी मारत आलो होतो.

"घरी जाऊन बघतो," म्हणालो. मुलगा काही बोलला नाही. त्याच्या वडिलांनी मला स्टेशनपर्यंत स्कूटरवर सोडलं.

परतीच्या गाडीत विठ्ठलवाडीला जागा मिळाली. फोनवरून घरच्या रास्पबेरी पायमध्ये शिरलो, फाइल उघडली, ३६च्या आधी एक आडवी रेघ टाकली आणि प्रोग्रॅम पुन्हा सुरू केला. कल्याण येईपर्यंत तक्त्यात नुसती रिकामी ओळ. ठाकुर्लीला आकडे उमटू लागले. अंबरनाथ-डोंबिवली, ०.३ मायक्रोसेकंद.

सोसायटीच्या ग्रुपवर तोवर मंत्र्याचं नावही नक्की झालं होतं.