शंभर गेले, सहा आले

ऑक्टोबरचा तिसरा शनिवार-रविवार जवळ आला की मला अजून काथ्याच्या दोरीचा वास येतो. त्या दोन दिवसांत जगभरचे स्काउट हॅम रेडिओवरून, म्हणजे हौशी लोकांच्या बिनतारी संचांवरून, एकमेकांशी बोलतात. नाव 'जांबोरी ऑन द एअर', पण मालवणकडच्या आमच्या शाळेत सगळे 'जोटा'च म्हणत. घरी मात्र 'शाळेत रेडिओ आसा' एवढं सांगितलं की पुरे.

पाऊस गेलेला असे, निदान गेला असं समजून चालायचं. शाळेमागच्या दोन माडांमध्ये अँटेनाची तार ताणायची, तिच्या मध्यापासून रेडिओपर्यंत केबल. सात मेगाहर्ट्झसाठी मधल्या केबलच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर, वर वीतभर जादा. कापणं सोपं, जोडणं कटकटीचं. मग हॅमचा परवाना असलेले काका वॉटमीटर काढून रेडिओपाशी केबलला जोडत. राखाडी डबा, समोर गोल खुंटी, खुंटीवर बाण. बाण अँटेनाकडे केला की जाणारी पॉवर दिसते, उलटा फिरवला की परत येणारी. केबल पन्नास ओहमची. तारेचा इम्पीडन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, तेवढाच भरला तर परत काहीच येत नाही. किती परत येतं त्यावरून तार केबलशी किती जुळली ते सांगणारा आकडा म्हणजे एसडब्ल्यूआर, नेमकी जुळली तर एक. शंभर वॉटमधले पंचवीस परतले तर तीन, चार परतले तर दीड. दीडवर काका खूश. फ्रिक्वेन्सी वर-खाली करून काटा कुठे सगळ्यात खाली येतो ते बघायचं. हव्या जागेच्या अलीकडे, खालच्या फ्रिक्वेन्सीला आला तर तार लांब. "दोन बोटां काप रे. दोनच! दोनी बाजून सारखी." पुन्हा तार खाली, पुन्हा वर.

एका वर्षी हे कापाकापीचं काम लागलंच नाही. पहिल्याच फटक्यात शंभर गेले, सहा आले. आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग दुपारपर्यंत घसा फोडून बोललो, उत्तर एकाचंही नाही. काका बराच वेळ गप्प होते. शेवटी त्यांनी केबल अँटेनापासून सोडवली, त्या टोकाला मीटर आणि मीटरपुढे डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी सगळी पॉवर पिऊन टाकणारा पन्नास ओहमचा रोधक, लावला. पंचवीस मीटरच्या केबलमधून शंभरातले ऐंशीच्या आसपास तरी पोचायला हवे होते. काटा पंचविसावर.

केबल वर्षभर शाळेच्या माळ्यावर पडलेली, कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली. काकांनी सुरीने वरचं आवरण सोललं. आतली तांब्याची जाळी हिरवी-काळी पडलेली, बोटाला ओल लागली. जाताना या केबलने तीन चतुर्थांश पॉवर खाल्ली. उरलेले पंचवीस अँटेनाने सगळेच्या सगळे परत फेकले असते, तरी येताना पुन्हा तेवढाच घास घेऊन मीटरपाशी सहाच पोचले असते. म्हणजे मीटर खोटं बोलत नव्हता, आम्ही त्याला चुकीच्या टोकाला विचारत होतो.

संध्याकाळी काकांच्या घरची केबल आली. तिच्यावर मीटरने बरेच वॉट परत दाखवले, आम्ही तार कापायला बसलो, आणि कंदिलाच्या उजेडात कापाकापीचा आनंद मिळाला तो मिळालाच. जुनी केबल फेकली नाही. पुढची कितीतरी वर्षं शिबिरात तिच्यावर आमचे टॉवेल वाळत असत.