तुम्ही विचारलंत म्हणून : समुद्रातला पत्रा बोलतो कसा?

विमानदुरुस्तीच्या हँगरमध्ये माझी बत्तीस वर्षे गेली, आणि निवृत्तीनंतर मला जुन्या विमानांच्या हकिकती सांगण्याचा नाद लागला. फ्रान्समधील मार्सेय शहराजवळ समुद्रतळाशी सापडलेल्या पी-३८ लायटनिंग या अमेरिकी लढाऊ विमानाची हकिकत सांगितली, की श्रोत्यांतून एक प्रश्न हटकून येतोच : साठ वर्षे खाऱ्या पाण्यात पडलेला पत्र्याचा तुकडा अमक्याच विमानाचा आहे, हे छातीठोकपणे कसे सांगता येते? त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ते विमान पाडले कोणी? तुम्हीही हेच विचारलेत, म्हणून सविस्तर लिहितो.

३१ जुलै १९४४ रोजी सकाळी कॉर्सिका बेटावरील बोर्गो तळावरून एक विमान एकट्या वैमानिकाला घेऊन निघाले आणि परत आले नाही. वैमानिक होते आंत्वान द सँतेक्झुपेरी. छोट्या राजपुत्राच्या गोष्टीमुळे जगभर माहीत असलेले लेखक. तेव्हा ते ४४ वर्षांचे, म्हणजे लढाऊ विमानाच्या कॉकपिटसाठी जवळपास म्हातारेच होते. त्यांचे विमान एफ-५बी, म्हणजे लॉकहीड कंपनीच्या पी-३८जे या लढाऊ विमानाच्या नाकातील तोफा काढून तेथे कॅमेरे बसवलेला प्रकार. शत्रूच्या ताब्यातील प्रदेशाची छायाचित्रे घेऊन परतायचे, एवढेच काम. वाटेत कोणी गाठलेच, तर झाडायला एकही गोळी नाही. पुढची ५४ वर्षे आल्प्सच्या दऱ्यांपासून भूमध्य समुद्रापर्यंत लोकांनी तर्क लढवले.

७ सप्टेंबर १९९८ रोजी मार्सेयचे मच्छीमार जाँ-क्लोद बियांको यांच्या जाळ्यात, रियू बेटाच्या परिसरात, मनगटात घालायची चांदीची एक साखळी आली. तिच्यावर लेखकाचे नाव, पत्नी कॉन्स्वेलो यांचे नाव आणि न्यूयॉर्कमधील प्रकाशकाचा पत्ता कोरलेला होता. एवढ्या मोठ्या समुद्रात एवढीशी वस्तू जाळ्यात यावी, हे अनेकांच्या पचनी पडले नाही आणि साखळी बनावट असल्याचीही कुजबुज झाली. मला त्या संशयखोरांचा राग येत नाही. साखळी मनगटावरून निसटू शकते, कोणाच्या खिशातूनही पडू शकते; तिच्यावरून विमान सिद्ध होत नाही.

विमान शोधले ते ल्यूक व्हानरेल या स्थानिक पाणबुड्याने. मे २००० मध्ये त्याने त्याच परिसरात, सुमारे ७० मीटर खोलीवर, विखुरलेले अवशेष पी-३८चे असल्याचे जाहीर केले. हौशी पाणबुड्यांची मर्यादा साधारण ४० मीटरची. ७० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या आठपट होतो, तळाशी काढायला मिनिटे मिळतात आणि वर यायला मात्र त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. त्यातून अख्खे विमान समोर उभे होते असेही नाही. तुकडे हजारो चौरस मीटरवर पसरलेले होते आणि त्यांच्यावर समुद्री जिवांची पुटे चढलेली होती. तरीही पी-३८ ओळखू येते, कारण त्याचा घाटच वेगळा : दोन इंजिने, प्रत्येकाच्या मागे शेपटीपर्यंत गेलेला लांब बूम, म्हणजे नळीसारखा पोकळ सांगाडा, आणि बूमच्या पाठीवर टर्बोसुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र. असा जोडकाम केलेला पत्रा दुसऱ्या कोणत्या विमानाचा म्हणून खपत नाही. अर्थात एवढ्याने जात कळते, व्यक्ती कळत नाही. पी-३८ त्या किनाऱ्यावर इतरही पडली होती.

सरकारी परवानगीत तीन वर्षे गेली. २००३च्या शरद ऋतूत काही भाग वर काढण्यात आले, ते गोड्या पाण्याने धुऊन स्वच्छ करण्यात आले, आणि डाव्या बूमच्या एका तुकड्यावर चार आकडे व एक अक्षर दिसले : २७३४, आणि पुढे एल. येथे माझ्यासारख्याचा जीव अडकतो. कारखान्यात विमान जुळवताना कोणीतरी कामगार पत्र्यावर क्रमांक उमटवतो, तो पुढे रंगाखाली झाकला जातो आणि विमान उडते आहे तोवर त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. रंगवलेला लष्करी क्रमांक पाण्यात निघून जातो, पण धातूत उमटलेला आकडा धातू असेतोवर राहतो. २७३४ हा लॉकहीडचा उत्पादन क्रमांक होता, आणि कंपनीच्या नोंदींत त्याच्यासमोर अमेरिकी लष्कराचा क्रमांक होता ४२-६८२२३. म्हणजेच त्या सकाळी बोर्गोहून गेलेले विमान. ७ एप्रिल २००४ रोजी अधिकृत घोषणा झाली. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे, की पत्रा एकटा काही बोलत नाही. क्रमांक जपून ठेवलेली वही कुठेतरी शाबूत असावी लागते.

गंमत म्हणजे, समुद्राच्या त्याच तळाशी डाइमलर-बेंझचे एक जर्मन इंजिनही पडलेले होते, आणि सुरुवातीला त्याने बराच घोळ घातला. त्याचाही माग काढला गेला, तेव्हा ते मेसरश्मिट १०९ या लढाऊ विमानाचे निघाले. १९४३च्या अखेरीस ते विमान घेऊन पडलेला तरुण वैमानिक जन्माने खरोखरीचा राजपुत्र होता, बेंटहाइम घराण्यातला. सँतेक्झुपेरींच्या विमानाशी त्याचा काही संबंध नाही. दोघांच्या मृत्यूंत काही महिन्यांचे अंतर आहे.

आता दुसरा प्रश्न. २००८ मध्ये होर्स्ट रिपर्ट या माजी जर्मन वैमानिकाने सांगितले, की त्या दिवशी आपण एक पी-३८ पाडले होते, आणि आत कोण आहे हे ठाऊक असते तर गोळी झाडली नसती, कारण आपण त्या लेखकाचे चाहते होतो. कथा हृदयाला भिडते, वर्तमानपत्रांना ती आवडलीही; पण तिला दुजोरा देणारी जर्मन नोंद नाही. वर काढलेल्या भागांवर गोळ्यांची छिद्रे सापडली नाहीत, मात्र ते भाग विमानाचा इतका लहान हिस्सा आहेत, की त्यावरून गोळी लागलीच नव्हती असेही म्हणता येत नाही. ऑक्सिजन बंद पडला असेल, इंजिनाने दगा दिला असेल, वैमानिकालाच भोवळ आली असेल. पॅरिसजवळच्या ले बुर्जे येथील संग्रहालयात ते तुकडे ठेवलेले आहेत.

आमच्या हँगरमध्ये तक्रार खरी असे, विमान तपासून होई आणि तरी बिघाडाचे मूळ हाती लागत नसे, तेव्हा आम्ही लॉगबुकात तसाच शेरा मारून खाली सही करत असू. या विमानाच्या लॉगबुकात मी तोच शेरा मारीन.